एक सूत कमी

“पुढं एक सूत कमी. झालं काम!” भाऊजी ट्रकच्या पलीकडून ओरडले.

टेपचं शून्याचं टोक दांडीवर धरून मी तशीच बसून राहिले. माझा विश्वास बसला नव्हता. हाच ट्रक, हेच वाक्य, आणि महिनाभरात मिशीवाला ड्रायव्हर परत दारात! “अहो ताई, उतारावर गाडी नुसती भरकटते. स्टिअरिंगशी कुस्ती खेळत येतो मी. आणि टायर बघा, आतून कुरतडल्यासारखे झालेत.”

डोंगरातल्या दगडधोंड्यांवर चालणाऱ्या या ट्रकचे टायर माझ्या छातीपर्यंत येतात. त्यांच्या ओबडधोबड रबरावर टेप नेमका कुठं टेकवायचा, हे कुणाच्या बापाला सांगता यायचं नाही. म्हणून पुढची चाकं उतरवून दोन्ही ड्रमवर सरळ दांड्या आवळायच्या आणि दांड्यांमधलं अंतर आधी त्यांच्या मागच्या टोकांशी मोजायचं, मग पुढच्या. पुढं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी भरलं, की चाकं सरळ धावतात. एकानं शून्य धरायचं, दुसऱ्यानं वाचायचं. हे होते तेव्हा हे वाचायचे आणि भाऊजी शून्य धरायचे. हे गेले, आणि यांच्या या धाकट्या भावानं न विचारता वाचायचं टोक घेतलं. मला ते तेव्हाच खुपलं. आमचं तसंही कधी सूत जुळलं नव्हतं.

आता तर मला त्यांच्या प्रत्येक गोष्टीत काळंबेरं दिसत होतं. दुपारी जेवण झालं की न सांगता कुठंतरी जायचे. विचारलं तर “आलोच.” चौकात नवं गॅरेज उघडलं होतं; त्याच्या मालकाशी हळू आवाजात बोलताना मी त्यांना पाहिलं होतं. आपली गिऱ्हाइकं तोडायची आणि मग तिकडं जाऊन बसायचं, असा त्यांचा डाव मी मनाशी पक्का करून टाकला होता. आमच्या गॅरेजच्या दारावरची पाटी अजून यांच्या नावाची होती.

“थांबा भाऊजी. पुन्हा एकदा मोजू.”

“कशाला? झालं की!”

“माझ्या समाधानासाठी.”

मागचं माप घेताना मी टोक नीट धरलं. पुढं आल्यावर मात्र टेपच्या टोकाचा पत्रा आणि दांडी यांच्यामध्ये गुपचूप अंगठा घातला. आता पुढचं माप चांगलं अंगठाभर जास्त यायला हवं होतं. टेप ताणला गेला.

“एक सूत कमी,” भाऊजी म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात धुवायच्या बादलीपाशी मी त्यांना गाठलं.

“कुणासाठी चाललंय हे? उद्या तो माणूस दरीत गेला, तर त्याच्या बायकोला तोंड दाखवाल?”

भाऊजी हातातला साबण नुसता फिरवत राहिले.

“पत्रा दांडीला लागला की टक् वाजतो, वहिनी. आत्ता वाजला नाही. तुम्ही टोक सरकवलंत, ते मला तेव्हाच कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“किती सरकवलंत, ते दिसलं नाही.”

मी त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं.

“समोरचं सगळं धूसर झालंय. दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जातो. चौकातल्या त्या गॅरेजवाल्याची आई तिथंच जाते, त्यानंच पत्ता दिला.” त्यांनी साबण खाली ठेवला. “दादा असता तर त्याला सांगितलं असतं. तुम्ही म्हणाला असता, आता घरी बसा.”

मी खरोखर तेच म्हणाले असते. मला लाज वाटली. पण राग काही गेला नाही. त्या ड्रायव्हरला हे सांगून थोडंच भागणार होतं?

“चला,” मी म्हणाले. “तुम्ही शून्य धरा.”

मी पहिल्यांदाच यांच्या जागी बसले. पुढं चक्क दोन सूत जास्त निघालं. दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड भाऊजींनीच फिरवला. किती फिरवायचा हे त्यांच्या मनगटाला ठाऊक होतं. मग पुन्हा माप, आधी मागं, मग पुढं. टक् वाजलं. मी डोळे बारीक करून रेघ वाचली.

“एक सूत कमी.”



“वहिनी, पुन्हा एकदा मोजू,” भाऊजी म्हणाले. “माझ्या समाधानासाठी.”

मी टेप सैल सोडला, पुन्हा ताणला आणि टक् वाजायची वाट पाहत राहिले.