रिकामा रकाना

लंबकाचा पितळी गोळा ढोल्याच्या कपाळावर बसला तेव्हा मडकं आपटल्यासारखा आवाज झाला. त्याच्या भुवईतून रक्ताची धार लागली आणि प्रयोगशाळेतलं पांढरं टेबल बघता बघता लाल झालं.

"दोन गोष्टी बदलल्या त्यानं!" मुलगी ओरडत होती. दोरा अजून तिच्या मुठीत होता आणि दोऱ्याच्या टोकाला गोळा लोंबत होता. "मावशी, वजनही बदललं आणि दोराही आखूड केला! एकदम! आता कशामुळे काय झालं ते कळणार कसं?"

मावशीनं आधी तिच्या हातातून गोळा हिसकून घेतला, मग धुतलेलं फडकं ढोल्याच्या भुवईवर दाबून धरलं.

"अगं, म्हणून डोकं फोडायचं?"

"त्यानं प्रयोग मोडला."

"मी गंमत केली," ढोल्या हुंदके देत म्हणाला. "हिला गंमत कळतच नाही. मोजणी कुठली!"

सगळा वर्ग तिला मोजणीच म्हणायचा. जिन्याच्या पायऱ्या मोजत चढायची, फळ्यावरचे ठिपके मोजायची. मावशीला वाटायचं, असते एखादी पोर अशी. आज मात्र ती उभ्या जागी थरथरत होती. मार देणारं माणूस असं थरथरत नाही. मार खाणारं थरथरतं.

मावशी खरं म्हणजे प्रयोगशाळेतली शिपाई. बाटल्या धुवायच्या, दिवे भरायचे, कपाटं पुसायची, एवढंच तिचं काम. पण विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, आणि मुख्याध्यापक म्हणाले, "मावशी, तुम्ही वीस वर्षं बघताय. तास तेवढा सांभाळा." तिनं सांभाळला. अक्षरं ती वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी शिकली होती, तीही बाईंच्या मागे लागून, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत. स्वतःच्या बळावर वाचलेला तिचा पहिला शब्द होता 'विष'. अजून एक ओळ लिहायची म्हणजे तिला विहीर उपसल्यासारखं होई.

त्यामुळे तिच्या हातून एक लबाडी झाली होती. बाईंच्या तक्त्यात तीन रकाने होते. आपण काय बदललं, काय तसंच ठेवलं आणि परिणाम काय झाला. मधला रकाना भरताना मुलं कंटाळायची आणि मावशी त्यांच्याहून जास्त. "राहू द्या तो," ती म्हणाली होती. "जे बदलतच नाही ते लिहून काय होतं? एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय झालं ते मोजा. झालं शास्त्र."

मुख्याध्यापक ढोल्याला टाके घालायला घेऊन गेले. घंटा झाली. मोजणी मान खाली घालून पळाली. मावशी फरशी पुसायला वाकली तेव्हा टेबलाखाली तिला मोजणीची वही सापडली. कडेला रक्त लागलं होतं. ते टिपायला तिनं वही उलटी केली, तर मागच्या पानावर तसाच तक्ता, तसेच तीन रकाने. मधला रिकामा.

मावशीनं ओळीखाली बोट धरलं.

सोमवार. भाजीत मीठ कमी. मीच काढलं, आईला सांगितलं नाही. पट्टा, पाच.

मंगळवार. मीठ बरोबर. रेडिओ बंद. पट्टा, सहा.

बुधवार. आई उलट बोलली नाही. पट्टा, सहा. एक लाथ.

गुरुवार. बाबा यायच्या आधी घर झाडलं. दोनच. उद्या परत झाडून बघायचं.

शुक्रवार. परत झाडलं. पट्टा, नऊ. बक्कल.

मावशीचं बोट बक्कलवर थांबलं. आपल्या वाकड्या करंगळीकडे तिनं मुद्दामच पाहिलं नाही. तिनंही एकोणीस वर्षं हेच केलं होतं, फक्त लिहिलं नव्हतं. मीठ कमी, मीठ जास्त. बोललं तर काय होतं, गप्प बसलं तर काय होतं. शेवटी नवरा बांधकामाच्या परांचीवरून पडून मेला, तेव्हा ती रडली. दुसऱ्या दिवशी भाजी टाकताना डाव हातात धरून उभीच राहिली, कारण मीठ स्वतःला किती लागतं हेच तिला ठाऊक नव्हतं.

खाली आणखी एक ओळ होती.

शनिवार. मी मध्ये उभी राहीन. बाकी सगळं तेच.

पुढचा रकाना कोरा. आज शनिवार होता.

मोजणीचा बाप कारखान्यात लेथ मशीनवर काम करायचा. पाळी साडेपाचला सुटायची. घड्याळात सव्वापाच झाले होते. मावशीनं वही काखेत मारली आणि निघाली. गोळा तिच्या खिशातच राहिला होता, तो प्रत्येक पावलागणिक मांडीवर आपटत होता. कारखान्याचा भोंगा वाजला तेव्हा ती अजून चौकातच होती. साठीचे गुडघे, पळणार ते किती!

मोजणी राहायची त्या चाळवजा इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ती पोचली तेव्हा माणसं गॅलरीत उभी होती. दार लोटलेलं. आतून पट्ट्याचा आवाज येत होता आणि प्रत्येक आवाजामागून एका मुलीचा आवाज.

"तीन."

फट्.

"चार."

"कोणी आत का जात नाही?" मावशी ओरडली.

"घरातलं भांडण आहे, मावशी," एकजण म्हणाला. "आपण कशाला पडायचं?"

"घरातलं आहे ना? मग बाहेर आणते."

तिनं दार ढकललं. मोजणी हात पसरून आईच्या पुढे उभी होती. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला. आई मागून तिला ओढत होती, पण पोर खांबासारखी रुतली होती.

"पाच," ती म्हणाली.

"मोजतेस? बापाला मोजतेस?" त्यानं पुन्हा हात उचलला. मावशीनं तो पट्टा हवेतच धरला.

"तू कोण गं म्हातारे?"

"शाळेतली मावशी."

"मग शाळेत जाऊन मर!"

त्यानं पट्टा खेचला, आणि तो सुटत नाही म्हटल्यावर तिचं मनगट धरून पिरगाळलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मावशी गुडघ्यांवर आली. त्याची लाथ तिच्या बरगडीत बसली. डोळ्यांपुढे अंधार आला, पण डावा हात मोकळा होता, तो खिशात गेला. गोळा दोऱ्यासकट बाहेर आला. दोरा तिनं बोटाला एक वेढा देऊन आखूड केला आणि सगळं बळ एकवटून फिरवला. गोळा त्याच्या गुडघ्याच्या वाटीवर बसला. माणूस आडवा झाला आणि शिव्या घालत तिथंच लोळू लागला.

"चल पोरी," मावशी त्याच्या बायकोला म्हणाली. "चप्पल घाल. दुसरं काही घेऊ नकोस."

गॅलरीतली माणसं भिंतीला चिकटून वाट देत गेली.

दवाखान्याच्या बाकावर तिघी बसल्या. मावशीचा हात सुजून भाकरीएवढा झाला होता. मोजणीनं बराच वेळ फरशा मोजल्या. मग म्हणाली, "मावशी, प्रयोग बिघडला. मी मध्ये होते आणि तुम्हीही आलात. दोन गोष्टी बदलल्या."

"हो. मीच बिघडवला." मावशीनं डाव्या हातानं वही तिच्या मांडीवर ठेवली. "हा मधला रकाना कोरा का?"

"तुम्हीच सांगितलंत, जे बदलत नाही ते लिहू नका म्हणून."

 मनगटाची कळ खांद्यापर्यंत गेली, तीही या वाक्याइतकी नव्हती.

"चुकले मी," ती म्हणाली. "मला लिहायचा आळस होता. आता लिही. रोज काय तसंच होतं?"

"खोली. पट्टा. आई. मी." ती थांबली. पेन्सिल तोंडात धरली आणि फाटक्या ओठाला लागली म्हणून काढली. मग खाली वाकून तिनं सोमवारपुढे एक शब्द लिहिला. मंगळवारपुढे तोच, बुधवारपुढे तोच. शनिवारपर्यंत आली तेव्हा अक्षर बारीक होत गेलं होतं.

आई बघत होती. "काय लिहितेस गं?"

"बाबा," मोजणी म्हणाली.

आतून कंपाउंडर नोंदवही घेऊन आला. आईला पाहून ओळखीचं हसला. "पुन्हा जिन्यावरून पडलात वाटतं?" आणि उत्तराची वाट न बघता लिहू लागला.

"नाही," आई म्हणाली.

त्यानं मान वर केली नाही.

"खोडा ते," आई म्हणाली. आवाज लहान होता, पण ती उभी राहिली होती. "मी सांगते तसं लिहा. मी बघतेय."

तिला वाचता येत नव्हतं. तरी ती पुढे झाली आणि त्यानं लिहिलेल्या ओळीवर तिनं बोट ठेवलं.