कोल्ह्याची चामखीळ

"हिलेट्ये, तांब्याच्या पत्र्यावर सगळं उलटं कोर. छापताना कागद ते सुलटं करतो," असं बाबा सांगायचे. चाळीस वर्षं मी ते पाळलं. एकदाच विसरले, आणि नेमक्या त्याच चित्राचा कागद घेऊन कोतवालसाहेब हार्लेममधल्या आमच्या दुकानात आले.

चित्रात पाद्र्याच्या झग्यातला कोल्हा बदकांना उपवासाचं पुण्य सांगतोय. त्याच्या आसनाखालून पिसं डोकावताहेत. त्याच महिन्यात नगराध्यक्षांनी पावावर कर वाढवला होता. कोल्ह्याच्या गालावर त्यांचीच चामखीळ होती.

"कोणी कोरलं?"

"मी."

"तुम्ही? दोन वेळा प्रार्थना करणाऱ्या बाई तुम्ही!"

"प्रार्थना झाल्यावर कोरलं."

कोतवालांना हसू आलं. माणूस वाईट नव्हता. माझे दीर वोल्फर्ट छापखाना बघतात. ते शाईचे हात पुसत पुढे आले.

"साहेब, नगराध्यक्षांची चामखीळ डाव्या गालावर. याची उजव्या. हा कोल्हा दुसराच कुणीतरी!"

"मीही तेच म्हणतो. बाई, एवढं 'हो' म्हणा, विषय संपला. नाहीतर शहर सोडावं लागेल तुम्हाला."

आम्ही मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती, शपथ घेत नाही. न्यायासनापुढेही आमचा साधा शब्द शपथेइतका धरतात. माझा खोटा निघाला, तर उद्या आमच्यातल्या कुणाचा खरा मानतील?

"कोल्हा म्हणजे नगराध्यक्षच," मी म्हणाले. "चामखीळ उलटी कोरायची राहिली. चूक माझी."

"अहो वहिनी!" वोल्फर्टनी कपाळाला हात लावला, शाई तिथेही लागली. "जन्मात एक चूक कामाची केलीत, तीही कबूल केलीत!"

कोतवालांनी कागदाची घडी घातली. "उद्या नऊला पत्रा घेऊन नगरभवनात या. दाराशी शिपाई ठेवू का?"

"थंडीत कशाला उभं करता बिचाऱ्याला? येते म्हटलं ना."

सकाळी नेमाचा अध्याय वाचून उठले, तर वोल्फर्ट बोचकं घेऊन दारात.

"ॲमस्टरडॅमची नाव आत्ता सुटेल, वहिनी. पाव आणि चीज बांधलंय. जा, मी बघतो मागचं."

"तुम्हीच खा, भावजी. रात्रभर जागलेले दिसता."

मी पत्रा जुन्या लोकरी शालीत गुंडाळला. कालव्यावर नावेचं शिंग वाजलं. मी टोपीची नाडी घट्ट केली आणि पूल ओलांडून चौकातल्या नगरभवनाकडे चालू लागले.