मी चहातला मोती

मी मोती बोलतोय. समुद्रातला नव्हे, चहातला. ज्या कंदाचा तुमचा उपवासाचा साबुदाणा होतो, त्याच कंदाच्या पिठाचा मी. नात्याने साबुदाण्याचा थोरला, काळा भाऊ. गार दुधाच्या चहात तळाशी बसायचं आणि जाड नळीतून वर यायचं, हे माझं काम. मला चहात पहिल्यांदा कुणी टाकलं, यावरून तैवानातली दोन शहरं, आमचं ताइनान आणि तिकडचं ताइचुंग, अजून भांडतात. ज्याने टाकलं त्याच्या जिभेला माझा नमस्कार!

माझा जन्म शिऊ-चिनबाईंच्या चहाच्या दुकानातला. त्यांचे मोती हातचे. पण मध्यंतरी बाईंचं मनगट मोडलं आणि पीठ मळणं जमेनासं झालं.

"उद्यापासून पाकिटातले मोती मागवलेत," त्यांनी सुनेला सांगून टाकलं.

सून वेन-लिंग हट्टाला पेटली. "आई, एकदा मला करू द्या. नाही जमलं तर खुशाल आणा पाकिटं."

पहिलं पीठ वाया गेलं. हात भाजेल म्हणून तिने गुळाचं उकळतं पाणी जरा निवू दिलं आणि मग ओतलं. आमच्या पिठाला ते चालत नाही. मुठीत धरलं की घट्ट, मूठ उघडली की बोटांतून पळालं.

"वा! पेज छान झालीय," सासूबाई म्हणाल्या. "गिऱ्हाइकांना चमचे देऊ का?"

वेन-लिंगचे डोळे भरले, तरी तिने पुन्हा पातेलं चढवलं. या वेळी पाणी खळखळत असतानाच ओतलं आणि लालबुंद हातांवर फुंकर घालत मळलं. त्या गोळ्यातून मी जन्मलो. तिने मला तळहातावर वळलं, उकळलं, झाकण ठेवून मुरवलं, पाकात घोळवलं. एका घोटासाठी किती जीव लावतात ही माणसं! डोंगरावरची पत्ती, दूध, बर्फ, सगळं फेस येईस्तोवर हलवतात. आमचा चिवटपणा गेला की सगळं पातेलं ओतून देतात, पण शिळा मोती गिऱ्हाइकाला देत नाहीत. म्हणून एवढंच मागणं, मला घाईने गिळू नका, चावून खा.

सासूबाईंनी चमच्यातून मला उचललं आणि थेट दाढेखाली घेतलं. वेन-लिंग श्वास रोखून उभी. मी सगळं बळ एकवटलं. दबलो, पण लगेच उसळलो. बाई डोळे मिटून चावत राहिल्या.

"गूळ जरा कमी पडलाय."

वेन-लिंगचा चेहरा पडला.

घशाखाली उतरता उतरता मी ऐकलं, "अगं, रडतेस काय? त्या पाकिटवाल्याला फोन कर. म्हणावं, आमच्याकडे मोती घरचे असतात."