पालथ्या मडक्यांचा बाजार

एक बूट, डाव्या पायाचा. उजवा कधी आलाच नाही, तरी हा दर शुक्रवारी मांडला जाई.

गिरधरभाईच्या बैलगाडीला रबरी चाकं बसली. गाव दोन दिवस नुसतं बघायला जात होतं.

तडकलेल्या काचेचा चष्मा. रंजनाबाईनं लावून पाहिला, म्हणाली, "झाडं दोन-दोन दिखतस. बरं शे, सावली जास्त."

नवं राज्य झालं तेव्हा शाळेत वाटलेले कागदी झेंडे पुढच्या महिन्यात विकायला आले. कोणी घेतले नाहीत.

मडक्यावर कावळा. त्याला हाकला.

बारडोलीकडे ऊस तोडणीला आला.

हे सगळं एकाच जागेचं आहे. शहाद्याहून तळोद्याला जाताना वाटेत एक गाव लागतं, गावाबाहेर नाला, नाल्याकाठी कडुनिंबाची चार झाडं. त्यांच्याखाली शुक्रवारी जुना बाजार भरे. जुना म्हणजे सगळंच जुनं: धोतरं, विळ्या, बिनकाचेचे कंदील, तेलाचे डबे. भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या बायका आठवडाभर गावोगाव हिंडत आणि जमेल ते इथं आणून मांडत. सातपुड्यातून उतरलेली माणसं ते अंगावर घालायला नेत. डोंगरातली सात घरं मात्र स्वतःही मांडून बसत. बैलगाडीच्या चाकांच्या मोडक्या लोखंडी धावा तापवून ती कोयते करीत, आणि कोयत्यांवर गिऱ्हाईक तुटून पडे. त्यांच्यातला बोलता माणूस रेवजी.

या बाजाराला मालक नव्हता. मोतीबाई होती. साठीची, काटक, तोंडाची फटकळ. उजाडायच्या आत ती दोरी घेऊन हजर. दोरीला गाठी मारलेल्या. गाठीपासून गाठीपर्यंत एकेकाची जागा. सगळे मांडून बसले की उरेल त्या कोपऱ्यात ती आपलं गाठोडं सोडी. कधी काही उरतच नसे. मग दिवसभर उभी. त्याचा तिला त्रास होत नसे. झालाच तर अभिमान होत असे.

आणि मडकी. गैरहजर माणसाची जागा धरून ठेवायची, ही तिथली रीत. बाळंतिणीची सव्वा महिना, सुतक असलेल्याची तेरा दिवस, ऊसतोडीला गेलेल्याची दिवाळीपासून होळीपर्यंत. जागेच्या मधोमध मातीचं मडकं पालथं घालायचं. ते घालायचं मोतीबाईनं आणि उचलायचंही तिनंच. एका बांगडीवाल्यानं एकदा मडकं पायानं बाजूला सरकवलं होतं. पुढं वर्षभर त्या बाजारात एकाही बाईनं त्याच्याकडून बांगडी भरली नाही.

एकसष्ट सालच्या हिवाळ्यात सात मडकी पालथी होती.

"जिजी," मोतीबाईची सून जसोदा म्हणाली, "मन्हं अर्धं गठुडं बांधेलच परत जास. आनि हाई मडकं कसं ऐसपैस बठेल शे!"

"ते मडकं नही. रेवजी शे."

"मंग रेवजीले सांग ना, जरासा तिकडे सरक म्हनीसन."

बायका खदखदून हसल्या. मोतीबाई हसली नाही. तिनं दोरी मनगटाला गुंडाळली आणि पुढच्या जागेकडे गेली.

त्याच हिवाळ्यात गिरधरभाई आला. तापीकाठच्या केळीवाल्या घरातला माणूस, पंचायतीचा सभासद, बोलायला गोड. बरोबर रूपचंद, भंगार लोखंडवाला, मोतीबाईचा सख्खा पुतण्या. कडुनिंबाखाली गिरधरभाईसाठी खाट टाकली. तो खाटेवर बसला नाही, खाली तरटावर बसला. त्यावरूनच मोतीबाईनं ओळखलं की काहीतरी घ्यायला आला आहे.

"मोतीजिजी, बजार तुमनाच शे. तुमना हातमा ऱ्हावो, हाई मन्ही बी इच्छा. पन आते कायदा उना. पंचायतले कागद पाहिजे."

ठराव असा होता. पुढल्या महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी कचेरीचा कारकून मोजणीला येईल. मैदान भरलेलं दिसलं, तर बाजार बसणाऱ्यांच्याच पंचांकडे राहील. रिकाम्या जागा निघाल्या, तर पंचायत ताबा घेईल, नंबर घालील, जागा वाटील.

"रिकामी जागा शेच कोठे?" मोतीबाई म्हणाली.

गिरधरभाईनं सात मडक्यांकडे पाहिलं आणि नुसता हसला. "मी काही बोलत नही, जिजी. मोजनार मी नही."

तो गेल्यावर भांडण पेटलं. रूपचंद म्हणाला, एक दिवस मडकी उचला, सात तरटं अंथरा, कारकून गेला की पुन्हा मडकी ठेवा. जसोदानं मान डोलावली. रंजनाबाई म्हणाली, "मडकं काय देव शे का वं? एक दिवस बाजूले ठेवं तर काय शाप देवाव शे?"

"आज एक दिवस, उद्या दोन दिवस," मोतीबाई म्हणाली. "त्या लोके ऊस तोडी ऱ्हायनात आनि तुम्ही त्यासनी जागावर तरट आथरा!"

"पन रेवजी जाताना काही सांगी गया का?" जसोदानं विचारलं.

"काय सांगाव शे? दरसालनंच शे."

तिला आतून एक गोष्ट माहीत होती, ती तिनं कोणाला सांगितली नसती. नव्या पोरी आता दोरीची वाट बघत नव्हत्या. येत, हातानं अंदाज घेत, बसत, आणि अंदाज बरोबर निघे. तिची दोरी त्यांच्यामागून फिरे, झालेल्या गोष्टीवर शिक्का मारल्यासारखी. मडक्यांना मात्र अजून कोणी हात लावत नव्हतं.

मोजणीचा शुक्रवार.

मोतीबाई पोचली तेव्हा मैदान भरलेलं होतं. जसोदा आणि रंजनाबाई तिच्याही आधी आल्या होत्या. मडकी झाडामागे, सातही जागांवर तरटं, तरटांवर कपडे, डबे, विळ्या, माणसं. एक्केचाळीस जागा, कुठं बोटभर फट नाही. बाजार इतका भरलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

ती झाडामागे गेली. पहिलं मडकं घेऊन आली. जसोदाच्या तरटावरची लुगडी तिनं दोन्ही हातांनी गोळा केली, सुनेच्या मांडीवर टाकली, आणि मधोमध मडकं पालथं घातलं.

"काकी," रूपचंद हलक्या आवाजात म्हणाला, "आज नको. पाया पडस."

"मी मरसू तवय उचलजो."

दुसरं मडकं. तिसरं. कोणी तिचा हात धरला नाही. सासू, जिजी, काकी, एवढ्या वर्षांचा धाक. सातवं मडकं ठेवून होईपर्यंत रस्त्यावर कारकुनाची सायकल दिसली.

तो चुन्याचा डबा घेऊन फिरला. मडक्यापाशी थांबला.

"ही जागा कोणाची?"

"मानूसनी," मोतीबाई म्हणाली.

"कुठं आहे माणूस?"

"बारडोलीले."

"बारडोलीची मोजणी माझ्याकडे नाही, बाई." आणि चुन्याची फुली.

त्याच्या वहीत असं उतरलं:

बसलेले: चौतीस.
मडकी: (खोडलं.) रिकाम्या: सात.

निघताना त्यानं तिच्या हातातल्या दोरीकडे पाहिलं. "तुमची जागा कुठली?"

"मी शेवटले बठस."

"म्हणजे आज बसलेल्या नाही."

त्यानं वही मिटली. चौतिसांत ती नव्हती.

पौषात ताबा गेला. झाडांच्या खोडांवर बाण रंगवले, जमिनीत नंबरांचे दगड पुरले. बाजार समिती झाली. अध्यक्ष गिरधरभाई, चिटणीस रूपचंद. सात जागांपैकी दोन रूपचंदनंच घेतल्या. लोखंडाला जागा जास्त लागते, असं त्याचं म्हणणं. उरलेल्या पाचांवर प्लास्टिकचे कंगवे आणि नवं कापड आलं. जुन्या बाजारात नवं कापड! पहिल्याच शुक्रवारी गिऱ्हाईक तिकडे वळलं. मडकी कोणीतरी नाल्यात टाकली. रंजनाबाईनं त्यातलं एक घरी नेलं, त्यात कोंबडीची अंडी ठेवायला.

जसोदाला एकोणीस नंबर मिळाला. मोतीबाईला नंबर नाही. सुनेच्या मागं, दगडाला टेकून ती बसू लागली.

"जिजी, पाय जरा आत ले," जसोदा वळूनही न बघता म्हणे. "रेघनी बाहेर जाई ऱ्हायना. समिती बोलस."

मोतीबाई पाय आत घेई. समिती म्हणजे रूपचंद. लहानपणी त्याचं शेंबडं नाक तिनं पदरानं पुसलं होतं. पण नियम काढण्याचं काम आता त्याचं होतं, आणि तिला मान्य करावं लागे, तो ते तिच्याहून चोख करी.

होळीच्या आधीच्या शुक्रवारी रेवजी आला. उन्हानं काळा पडलेला, हातांना उसाच्या पात्यांचे चरे, खांद्यावर फडक्यात गुंडाळलेले कोयते. मोतीबाई उठून उभी राहिली. भर बाजारात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तिनं त्याला सगळं सांगितलं. तुमच्या सात जागांसाठी. तुमच्या मडक्यांसाठी. सुनेची लुगडी मी फेकली. सख्ख्या पुतण्याशी वैर घेतलं. सगळा बाजार माझ्यावर थुंकला, पण जागा मी दिली नाही.

रेवजी उकिडवा बसून ऐकत होता. हातातल्या काडीनं मातीत रेघा ओढत होता. जसोदा हातातलं काम टाकून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"हाव, जिजी," त्यानं होकार दिला.

एवढंच. मग त्यानं जसोदाकडून एक जुना सदरा घेतला, घासाघीस न करता, आणि कोयते खांद्यावर टाकून तळोद्याच्या रस्त्याला लागला.

"कोयता घीसन तिकडे कोठे जाई ऱ्हायना हाऊ?" रंजनाबाईनं विचारलं. "आज शुक्रवार ना?"

मोतीबाईनं पाय आत घेतले.

गेल्या दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी, बारडोलीला निघताना, रेवजीनं मोतीबाईला सांगितलं होतं की यापुढं सातही घरं शुक्रवारी तळोद्याच्या बाजारात बसणार आहेत, मडकी ठेवू नको, जागा जसोदाला दे.