कवेलूवर जाळं

इस्तारीनं कवेलू फेरायला घेतले, इथवर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. मे लागला की सावली तालुक्यात घरोघरी माणसं छपरावर चढतात, फुटके कवेलू काढतात, धड लावतात आणि पावसाळा निभावतात. पण वांदरांना ही डागडुजी मान्य नव्हती. इस्तारी एक ओळ नीट लावून पाणी प्यायला खाली उतरला, की काळ्या तोंडाची टोळी त्याच ओळीवरून शाळा सुटल्यासारखी धावायची. कड्, कड्, कड्! बाकीच्या ओळी त्यांना दिसतच नव्हत्या.

सुतार असता तर त्यानं काटे ठोकले असते. इस्तारी होता मासे धरणारा. त्यानं घरातलं मोठं जाळं काढलं, अख्ख्या छपरावर पसरलं, कडांना दगड बांधून वळचणीखाली लोंबकळत सोडले आणि स्वतःच्या अकलेवर खूश होऊन कडुनिंबाखाली आडवा झाला.

बायको कुंता बाजाराला गेली होती, म्हणून हे जमलं. जाळं तिनं विणलेलं होतं. आणि उद्या सकाळी गावचा तलाव ओढायचा होता.

तलाव ओढायचा म्हणजे घराघरातलं जाळं एकाला एक जोडायचं आणि सगळ्या गावानं मिळून खेचायचं. ज्याचं जाळं, त्याला वाटा. पण एकाच्या जाळ्याला भोक असलं की साऱ्या गावाचे मासे तिथूनच पसार. मागच्या साली झिंगूच्या जाळ्यातून असेच गेले होते. तेव्हापासून झिंगू किराणा दुकानात मागच्या दारानं जातो.

इस्तारीचा डोळा लागतो न लागतो तोच छपरावर धाडकन काहीतरी आदळलं. तो उठून पाहतो तर टोळीचा म्होरक्या, दांडगा नर, छपराच्या मधोमध जाळ्यात. जितका ओढतोय तितका गुंततोय. बाकीची वांदरं शेजारच्या मंगरूच्या घरावर ओळीनं बसून तमाशा पाहत होती.

मंगरू अंगणात आला. "इस्तारी, तलाव उद्या हाय ना बे? तू आजच ओढून राह्यला का?"

"हसू नका, भाऊ! जाळं फाटते ना!"

"मंग हान एक काठी."

"आज शनवार हाय."

"बराबर हाय," मंगरूनं लगेच हात जोडले. "शनवारी मारुतीले कोन मारते? कापून टाक जाळं."

इस्तारी विळा घेऊन शिडी चढला. वांदराच्या पायापाशी विळा नेला आणि तिथंच थांबवला. इथं एक गाठ तुटली की उद्या साऱ्या गावासमोर तीच गाठ बोलणार. त्यानं विळा कमरेला खोचला. मोठी मरळ जाळ्यात अडकली की ओढायची नाही, ढील द्यायची, हे तो लहानपणापासून शिकला होता. त्यानं मागच्या बाजूचे दगड सोडले आणि मरळीशी बोलतात तसा हळू आवाजात बोलला, "नीघ बा, नीघ."

वांदरानं दात दाखवले. मरळ हे करत नाही.

तेवढ्यात खालून आवाज आला, "अवो, वर का करून राह्यले तुमी?"

कुंता. हातात भाजीची थैली.

"कवेलू फेरून राह्यलो."

"ते माह्यं जाळं हाय का?"

"नाई." इस्तारीनं जाळ्याकडे पाहिलं. "म्हंजे हाय."

"अन् कमरेले विळा काऊन?"

इतक्यात वांदरानं उडी घेतली, जाळं सरकलं, इस्तारीचा पाय त्यात अडकला आणि कवेलूंखालची जुनी लाकडी बल्ली कडकडली. विळा अंगणात पडला, कवेलू घरात पडले, त्यांच्या मागून इस्तारी. वांदर ढील दिलेल्या बाजूनं सुटून मंगरूच्या छपरावर पोचलंसुद्धा.

इस्तारी मात्र जमिनीवर पोचला नाही. मोडक्या बल्लीला अडकलेल्या जाळ्यात गुरफटून तो चुलीवर उलटा लोंबत होता. वर छपराला भोक, खाली विझत आलेले निखारे. तो जरा हलला की जाळ्याच्या गाठी करकरत होत्या.

कुंता धावत आत आली. आधी तिनं गाठींकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"हालू नका," ती म्हणाली. "अजून कुठी फाटलं नाई."

मंगरू अंगणातला विळा घेऊन आला. "सरका, बाई. एका दमात मोकळा करतो."

"कापू नका!" इस्तारी उलटाच ओरडला.

"जाळ्याले हात तं लावून पाहा, मंगरू भाऊ," कुंतानं विळा हिसकून घेतला.

ती पाण्याच्या ड्रमवर चढली आणि मासा सोडवावा तशी सोडवू लागली. आधी कान, मग सदऱ्याचं बटन, मग अंगठा. इस्तारीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. वर गाठी करकरत होत्या. सगळं सुटलं, एकच जागा राहिली. कमरेचा करदोडा जाळ्यात असा पिळून बसला होता की दोन्हीतलं एक कापल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

मंगरूचा चेहरा उतरला. "करदोडा कापू नका, बाई. मानूस मेल्यावर कापतेत तो."

"कुंते, आयक," इस्तारी गयावया करू लागला. "मी जित्ता हाव!"

"मले दिसून राह्यलं."

"मंग?"

कुंतानं एकदा जाळ्याकडे पाहिलं, एकदा त्या काळ्या दोऱ्याकडे. वर एक गाठ टचकन सरकली.

"जाळं इनाले मले सारा हिवाळा लागला," ती म्हणाली. "करदोडा दुकानात भेटते."

विळा फिरला. तिनं पायानं धक्का दिला म्हणून इस्तारी चुलीत न पडता बाजूला, भाजीच्या थैलीवर पडला. टमाटर फुटले. मंगरू लाल रंग पाहून दारातच "राम राम राम" म्हणायला लागला.

कुंतानं जाळं उजेडात धरून टोकापासून टोकापर्यंत चाचपलं. अख्खं होतं.

"उद्या तलावावर मी जातो," ती म्हणाली.

"अन् मी?"

तिनं वर बोट केलं. छपराच्या भोकातून काळं तोंड आत वाकून फुटलेले टमाटर पाहत होतं.

सकाळी तलाव ओढायला सारा गाव गेला. इस्तारी भोकातून कमरेपर्यंत बाहेर निघून हातात काठी धरून उभा होता. समोर टोळी बसली होती. कोणीच हलत नव्हतं. त्याचे डोळे टोळीवर, पण कान तलावाकडे होते. तिकडून "ओढा रे!" ऐकू आलं, मग बराच वेळ काहीच नाही. इस्तारी टाचा उंचावून तिकडे पाहू लागला. आणि मग एकदम असा कल्ला उठला की कावळे उडाले. जाळं टिकलं होतं.

"टिकलं रे!" इस्तारीनं आनंदानं कवेलूवर काठी आपटली.

कड्.