शेवंडांच्या दिवशी काठावर राहिलेला पेजर

मित्रांनो, मी एक जुना पेजर आहे. माझा आवाज जाऊन बरीच वर्षे झाली. हॅडॉक कोव्ह या कॅनडातल्या कोळ्यांच्या गावी, अग्निशमन दलाच्या खोलीत एका खिळ्यावर मी लटकतो. खिडकीतून धुके आत येते आणि माझा डोळा लागतो. मग मला जुन्या हाका ऐकू येतात.

मी आलो तेव्हा या दलात पगारी असे कोणीच नव्हते. भोंगा वाजला की हातातले जाळे टाकून सगळे धावत आणि सगळेच हुकूम सोडत. एकदा तर दोघांच्या दोन हुकमांत गवताची अख्खी वखार जळून गेली. तेव्हा दलाचा प्रमुख वेंडेल याने नेम घालून दिला. दर आठवड्याला एकच अधिकारी तयारीत राहील. तो गाव सोडणार नाही. आगीपाशी आधी तो पोहोचेल आणि किती माणसे, कोणता बंब, हे तोच ठरवील. त्या अधिकाऱ्याची खूण म्हणजे मी! रविवारी संध्याकाळी मला टेबलावर ठेवून जायचे नाही, हातात द्यायचे आणि म्हणायचे, "माझ्याकडून तुझ्याकडे." किती कमरांची ऊब मी अनुभवली म्हणून सांगू!

पण वेंडेलने यादी लिहिली ऑगस्टच्या उन्हात. नावे सगळी होडीवाल्यांची. प्रत्येकाने आपापले नाव तेवढे पाहिले. नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी शेवंडांचा, म्हणजे लॉब्स्टर धरण्याचा, हंगाम उघडतो आणि त्या पहाटे गावातली एकूण एक होडी पिंजरे घेऊन समुद्रात जाते, हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. तो आठवडा लॉर्न नावाच्या होडीवाल्याचा होता.

पहाटे धक्क्यावर दिवे लुकलुकत होते. लॉर्नच्या रबरी कोटाखाली मी होतो. खरे सांगतो, मी खूश होतो. समुद्र मी कधी पाहिलाच नव्हता!

तेवढ्यात शाळेच्या स्वयंपाकघरातली आयरिस काकवीचा पाव वाटत आली. अधिकाऱ्याची परीक्षा ती दोन वर्षांपूर्वीच पास झाली होती, पण यादीत तिचे नाव घालावे असे कोणाला सुचले नव्हते.

"लॉर्न, कमरेला तो काय घेऊन चाललायस? शेवंडांना आग लागली तर विझवायला?"

सगळे हसले. लॉर्न ओशाळला. "अगं, दुपारपर्यंत तर येतोच की परत!"

"आणि तोवर तिकडे समुद्रात त्या पेजरला हाक ऐकू तरी येणार आहे का? गावात म्हातारी माणसं आहेत, पोरं आहेत. कुणाच्या भरवशावर सोडून चाललायस?"

शेजारच्या होडीवरचा वेंडेल चुळबुळत म्हणाला, "आयरिस, तुझं नाव यादीत नाही गं."

"मग लिही की! पेन्सिल तुझ्याच कानावर आहे."

वेंडेलने कानावरची पेन्सिल काढली. लॉर्नने मला काढले आणि तिच्या पिठाळ हातावर ठेवले. "माझ्याकडून तुझ्याकडे."

होड्या गेल्या. दिवे लहान होत धुक्यात विरले. मला फार वाईट वाटले, मित्रांनो.

सव्वादहाला मी ओरडलो. टेकडीवरच्या एल्वा आजीच्या धुराड्याने पेट घेतला होता. एल्वा म्हणजे लॉर्नची आई. आयरिस चार मिनिटांत पोहोचली. आजीला उचलून तिने बाहेर आणले, शेजारच्या गावचा बंब मागवला आणि तीन बाया व निवृत्त मास्तरांना पाण्याच्या नळीवर उभे केले. स्वयंपाकघराची भिंत गेली, घर वाचले.

दुपारी लॉर्न धावत आला. आई पायरीवर घोंगडी पांघरून पाव खात बसली होती. त्याने तिची घोंगडी नीट केली. मग आयरिसला म्हणाला, "राहू दे तो तुझ्याकडेच."

"रविवारपर्यंत," ती म्हणाली. "मग ये, आणि हातात घे."

आता सगळ्यांच्या खिशात फोन आहेत. माझी कोणाला गरज नाही आणि त्याचा मला रागही नाही. फक्त एवढेच सांगतो, आपले काम कोणाला सोपवाल तर त्याच्या डोळ्यांत बघून, त्याच्या हातात द्या. कोणीतरी बघेल, असे म्हणून निघून जाऊ नका.

हंगाम उघडतो त्या पहाटे मात्र दार करकरते. पांढऱ्या केसांची आयरिस मला खिळ्यावरून काढते, धूळ पुसते आणि मुक्या मला कमरेला लावून दिवसभर काठावर थांबते.