चौथ्या पायरीखालचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. सात पायऱ्यांची आणि एका पायाने किंचित लंगडी. पण आज मला म्हातारी म्हणाल तर खबरदार, आज माझा आनंद गगनात मावत नाही!

एका सुताराने मला घडवले आणि एका रंगाऱ्याने घरी नेले. सगळे त्यांना रंगारीबाबा म्हणत. लोक शिडीवर चढतात; मी मात्र चाळीस वर्षे बाबांच्या खांद्यावर चढून गल्ल्या पाहिल्या! सकाळी सगळ्यांच्या आधी कामावर हजर. संध्याकाळी सरळ घरी जातील तर शपथ! डब्यात थोडा रंग उरला, की कुणाचे तरी पोपडे धरलेले दार गाठायचे. "उरलेला रंग डब्यात वाळवू नये, कुणाच्या तरी दारावर वाळवावा," असे ते म्हणत.

बाबांना लिहितावाचता येत नव्हते. रंग ते नजरेने कालवत आणि मनासारखा जमला, की त्यात अंगठा बुडवून माझ्या एखाद्या पायरीच्या खालच्या बाजूला उमटवत. तीच त्यांची वही. सोबतचे कारागीर चिडवत, "काय हो अंगठेबहाद्दर!"

"आहेच मुळी. पुसून दाखवा!" बाबा हसत.

शाळेची वाचनखोली त्यांनी फुकट रंगवली. "मला वाचता येत नाही, म्हणून पोरांनी अंधारात वाचायचं का?" असा पिवळा कालवला, की ढगाळ दिवशीही खोलीत ऊन पडल्यासारखे वाटे.

मग बाबा गेले. मी जिन्याखाली धूळ खात पडले. फार आठवण यायची हो त्यांची.

गेल्या महिन्यात छत गळून वाचनखोलीचा सगळा गिलावा निघाला. नव्या खोलीला बाबांचे नाव द्यायचे ठरले. त्यांच्या लेकीने हट्ट धरला, "मग रंगही बाबांचाच हवा." पण तो आणायचा कुठून? जुने फोटो काळेपांढरे. दुकानातले सगळे नमुने पाहून झाले, एकही पसंत पडेना. शाळेने सांगितले, आज रंग मिळाला नाही तर उद्या पांढरा देऊ. मी जिन्याखालून जीव तोडून सांगत होते, "अगं, माझ्याकडे आहे!" पण शिडीचे ऐकतो कोण?

त्यातच आज सकाळी भंगारवाला दारात आला. नातीने मला पायांकडून उचलले आणि ती थबकली.

"आई, चौथ्या पायरीखाली बघ! दोन अंगठे आहेत. एक मोठा, एक एवढुसा. पिवळेधम्मक!"

लेक धावत आली. "अगं, हा छोटा माझा! मी साफ विसरले होते. बाबा वाचनखोली रंगवत होते, मी हट्टाला पेटले, म्हणून त्यांनी माझाही..." तिने आपला अंगठा त्या छोट्या ठशावर टेकवला.

"ताई, शिडी देताय ना?" भंगारवाल्याने विचारले.

"आता नाही मिळायची!" मायलेकी एका सुरात म्हणाल्या.

मग काय विचारता! भर रस्त्यातून माझी वरात थेट रंगाच्या दुकानात! दुकानदार चष्मा सावरत माझ्यापुढे वाकला आणि त्याने चार वेळा घोटून हुबेहूब तोच पिवळा काढला.

आता मी वाचनखोलीत उभी आहे. अर्ध्या भिंतीवर ऊन पडले आहे! नातीने नुकताच आपला अंगठा रंगात बुडवून त्या दोघांशेजारी उमटवला. मित्रांनो, जुनी वस्तू भंगारात देण्याआधी एकदा तिच्याखाली वाकून बघा, तिथे तुमचेच कुणीतरी भेटेल. माझ्या चौथ्या पायरीखाली आता तीन अंगठे आहेत. पुसून दाखवा!